शाळा सुटायच्या वेळी

माय, यंदा थोरलीला नव्या शाळेत घातलं. जुनी शाळा सातवीपर्यंतच होती आणि गल्लीच्या टोकाला होती, चालत जायची, दुपारी विसरलेली पाण्याची बाटली न्यायलाही मागं यायची. नवी शाळा पार शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. व्हॅन सकाळी घ्यायला येते आणि संध्याकाळी सोडते. तू असतीस तर विचारलं असतंस, एवढ्या लांब कशाला? मला नीट सांगता आलं नसतं. सगळे म्हणाले चांगली आहे, म्हणून घातलं. धाकटा अजून जुन्याच शाळेत आहे. त्याची चप्पल दर दोन महिन्यांनी लहान होते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. थोरलीचं तसं नाही. गणवेश घ्यायला गुलमंडीत गेलो होतो, तिथं दुकानदार सवयीनं म्हणाला, "एक नंबर बड़ा लेलो, साल निकल जाएगा." मी मान हलवली, तर ही पडद्यामागून म्हणाली, "पप्पा, मला माझ्या मापाचाच पाहिजे." दुकानदार हसला. मी हसलो नाही. तिचं माप तिला कळायला लागलं, हे मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं, आणि तेव्हापासून जिवाला जरा स्वस्थता नाही.

पहिले काही दिवस ती घरी आली की काही बोलायची नाही. डबा तसाच परत यायचा. तुझ्या सुनेनं विचारलं तर म्हणायची, "भूक नव्हती." मग एका संध्याकाळी मी कंपनीत होतो, चितेगावला, आणि व्हॅनवाल्या काकांचा फोन आला. "साहेब, ताई आज गाडीत बसली नाही. तुम्ही नेली का?" मी सुपरवायझरला काय सांगितलं ते मला आठवत नाही. गाडी काढली. पैठण रोडचं रुंदीकरण चाललंय, सगळीकडं धूळ, पाण्याचे टँकर एकामागे एक, पुढं सरकायला जागा नाही. यंदाही पाऊस नाही, माय. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या इमारती उभ्या राहतात. त्या टँकरच्या मागे अडकून पडलो असताना मला तू आठवलीस. याच रस्त्यानं, तसल्याच कोरड्या सालात, तू एसटीत बसून मला शोधायला निघाली होतीस.

मी तेव्हा पाचवीत होतो. आबा मेंढरं घेऊन धरणाच्या पोटात गेले होते. पाणी आटून उघड्या पडलेल्या गाळावर तेवढं हिरवं होतं, आपला सगळा वाडा, बिऱ्हाडं अन् मेंढरांसकट, तिकडंच उतरला होता. तू मात्र मला घेऊन शहरात राहिलीस, बांधकामावर जायचीस. चुलते म्हणाले होते, पोराला कळपामागं घाला, हाताला हात होईल. तू म्हणालीस, "मेंढरं कुठंबी चरतील. ह्याचं साल वाया गेलं तर मागनं कोण आणून देणार?" शाळेत मला कुणी ओळखीचं नव्हतं. वर्गातली पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करायची. एका सकाळी मी शाळेच्या दारातून तसाच बसस्टँडवर गेलो आणि पैठणच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं विचारलं तर म्हणालो, "आबा पुढं बसलेत." पैठणला उतरून वाटेत भेटेल त्याला विचारत गेलो, आणि दिवस कलायच्या आत मला लोकरीचा आणि लेंड्यांचा वास आला. आबांनी मला पाहिलं. दूध-भाकरी दिली. त्यांना आनंद झाला होता, तो त्यांना लपवता आला नाही.

तू दुसऱ्या दिवशी दुपारी आलीस. भेगाळलेल्या गाळावरून एकटी बाई चालत येताना दिसली आणि मी बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीच्या आड लपलो. तू माझ्याजवळून गेलीस, माझ्याकडं पाहिलं नाहीस, थेट आबांसमोर उभी राहिलीस. "लेकराला ठेवून घेतलं अन् सांगावा नाय धाडला? रातभर म्या हौद बघितले, विहिरी बघितल्या!" आबा खाली बघत म्हणाले, "आला तसा राहू दिला. उद्या धाडणारच व्हतो." "उद्या? माझा जीव उद्यापातूर टिकणार व्हता व्हय?" चुलते, बाया, सगळे जमा झाले. एवढ्या लोकांत तुला नवऱ्यावर ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग तू खाली बसलीस, तांब्याभर पाणी प्यालीस आणि मला हाक मारलीस. मला वाटलं आता मार. तू विचारलंस, "कोणकोणत्या मेंढ्या व्याल्या रं?" मी एकेक सांगत गेलो, तू ऐकत गेलीस. परत येताना एसटीत म्हणालीस, "पाऊस पडला की सुट्टीत आणीन तुला इथं. तवर शाळा."

पाऊस पडला, पण मेंढरं नव्हती. त्याआधीच चारा संपला आणि आबांनी कळप बाजारात नेऊन विकला. मी तुला विचारलं तेव्हा तू भिंतीकडं तोंड करून म्हणालीस, "पावसाचं मला ठावं व्हतं, मेंढरांचं नाय." मी किती दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. आज ज्या इमारतीत आमचं घर आहे तिथं एके काळी आपली मेंढरं बसायची. पोरांना सांगितलं तर ती खिडकीतून पार्किंगकडं बघतात आणि हसतात.

तर त्या दिवशी नव्या शाळेच्या दाराशी पोचलो तेव्हा सगळं सामसूम होतं. वॉचमन म्हणाला, "सगळ्या गेल्या." कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला तिचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "नहीं देखे भाई, टेन्शन मत लो, मिल जाती." तेवढ्यात घरून तुझ्या सुनेचा फोन आला, "आपल्या जुन्या शाळेकडं बघा. मला तिथंच वाटतंय." ती तिथंच होती. समोरच्या ओट्यावर एकटी बसली होती, दप्तर मांडीवर. शाळा कधीच सुटली होती. मी गाडी लावली आणि ओरडलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "कळतंय का तुला काय केलंस? इथं कशी आलीस?"

"सिटी बसनं."

"सांगता येत नव्हतं? तुला परत इथंच यायचंय का? तसं बोल."

तिनं नाही म्हणून मान हलवली. "इथं आठवीच नाही, पप्पा. मला फक्त बघायचं होतं, खालच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणी माझ्याशिवाय काय करतात."

"मग?"

"ही शाळा आमच्यानंतर सुटते. सुटली तेव्हा त्या गेटमधून आल्या. हसत होत्या. त्यातली एक मॅडमची नक्कल करत होती, मी करायचे तशीच. मी हाकच मारली नाही."

मला वाटलं तिला काहीतरी कबूल करावं, दिवाळीला सगळ्या मैत्रिणींना घरी बोलावू, असलं काहीतरी. तुझा तो एसटीतला शब्द आठवला आणि तोंड मिटून घेतलं. तिच्या शेजारी ओट्यावर बसलो. मग तीच म्हणाली, "चला, मम्मी घाबरली असेल." गाडीवर बसताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो पोरीचा कमी आणि बाईचा जास्त वाटला.

त्याला आता महिना होत आला. डबा रिकामा येतो. वर्गातल्या एका मुलीचं नाव रोज निघतं. खरं तर सगळं ठीक आहे. मीच ठीक नाही. कंपनीत सांगून मी पहिली पाळी मागून घेतली. घरी म्हणालो, सध्या काम तसंच आहे. दुपारी सुटलो की सरळ इथं येतो, नव्या शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. ती दिसेपर्यंत बसतो आणि व्हॅन वळली की दुसऱ्या वाटेनं घरी जातो. हे सगळं इथंच लिहितोय, चहावाल्याकडून मागून घेतलेल्या पेनानं. घरी गेल्यावर फाडून टाकीन. तुला वाचता कुठं येत होतं, आणि तू आता आहेस तरी कुठं.

घंटा झाली. पोरी बाहेर पडतायत. ती बघ, ती आली, त्या मुलीच्या गळ्यात हात टाकून, मोठ्यानं हसत. व्हॅनचं दार उघडलं. तिला मी दिसू नये म्हणून मी खांबाच्या आड सरकलोय, आणि माय, तुला म्हणून सांगतो, तिनं एकदा तरी इकडं बघावं असं मला वाटतंय.