मीटरवर न आलेले किलोमीटर

परभणी
सोमवार, ९ मार्च २०२६

प्रिय ताई,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. तुमची मोटारसायकल गेल्या वर्षी पाडव्याला, ३० मार्चला, आमच्या शोरूममधून गेली. पहिली सर्व्हिसिंग बेचाळिसाव्या दिवशी झाली. मीटर ९१२ किलोमीटर.

२. दुसरी सर्व्हिसिंग सहा हजार किलोमीटरला किंवा वर्ष भरताना, जे आधी येईल तेव्हा. तोवर वॉरंटीला धक्का नाही.

३. गेल्या मंगळवारी, ३ मार्चला, दाजींनी गाडी टेम्पोत घालून आणली. इंजिन जाम. मीटर ३,१४०.

४. बुधवारी मी इंजिन उघडलं. तेल तळाला गेलेलं, आणि जे होतं ते डांबरासारखं.

५. चाकाकडून मीटरकडे जाणाऱ्या वायरच्या जोडाची, म्हणजे कपलरची, क्लिप तुटलेली आहे. कपलर सुटू नये म्हणून त्यावर काळं रबर गुंडाळलेलं आहे. केसांना बांधतात ते.

६. वॉरंटीचा अहवाल मला शनिवारी, १४ मार्चला, कंपनीला पाठवायचा आहे. त्यात एक प्रश्न असतो: मीटरशी छेडछाड झाली आहे का? मी अजून उत्तर भरलेलं नाही.

फोन केला नाही, कारण तुझा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो आणि जो आधी ऐकतो तो उचलतो. हे पत्र आशा सेविका सुकेशनीताई तुझ्या हातात देतील. त्या बुधवारी तुमच्या शेतातल्या आखाड्यावर गोळ्या वाटायला येणार आहेत. पाकीट चिकटवलेलं आहे. उघडलेलं मिळालं तर मला कळव.

दाजी आमच्या वर्कशॉपमध्ये काय बोलले ते तुला घरी कळलं असेलच, पण त्यांच्या तोंडून. मी उभी होते, म्हणून माझ्याकडूनही ऐक. "तीन हजारात इंजन बसतंय व्हय? ही कंपनी हाय का तमाशा? राजेश्री, तूच सांग सगळ्यांना, तारखेच्या आत हाय का न्हाई? किलोमीटरच्या आत हाय का न्हाई? मी गाडीला ऊन लागू देत न्हाई. कालेजच्या नोकरीला यष्टीनं जातो, पर गाडी खड्ड्यात घालत न्हाई." त्यांनी सर्व्हिस बुक काउंटरवर आपटलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर लावून आणलेलं. शिक्के जागच्या जागी. कागदावर त्यांची एकही चूक नाही, ताई, आणि त्यांचा राग खरा होता. वर्षभर रोज गाडी पुसणाऱ्या माणसाने एकदाही तेलाची पातळी बघितली नाही, एवढंच मी त्यांना सुनावू शकत होते. सुनावलं नाही.

आमचे वर्क्स मॅनेजर गोविंदराव भले गृहस्थ आहेत. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, घरचंच परकरण हाय. रबर काढा, नवी क्लिप टाका, लिहा निर्मितीदोष. कंपनीचं काय जातंय? हुंद्या की." मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी दाजींवर राग काढते आहे. तसं नाही. गेल्या दोन वर्षांत मी सदतीस अहवाल लिहिले. त्यांपैकी अकरा लोकांना मी तोंडावर सांगितलं की वॉरंटी बसत नाही. त्यांत एक दूधवाले होते, त्यांची सर्व्हिसिंग फक्त नऊ दिवस चुकली होती. त्या अकरा जणांना मी जो नियम लावला तो माझ्या बहिणीच्या घराला लावणार नाही, असं मला जमत नाही. माझ्या जागी तू असतीस तर तुलाही जमलं नसतं. निदान माझी तशी समजूत होती.

आता बन्सीधर. सोनपेठच्या स्टँडजवळ ज्यांचं गॅरेज आहे, ते. जानेवारीत दाजींनी त्यांच्याकडून चेन आवळून घेतली होती. मी कपलर दाखवल्यावर दाजींना ते एकच नाव आठवलं. "त्याच्याशिवाय माझ्या गाडीला कुनी हात लावला न्हाई. त्यानंच काडी केली." शुक्रवारी ते त्यांच्या दारात जाऊन भांडून आले. पोलिसात देतो म्हणाले. शनिवारी बन्सीधर यांचा मला फोन आला. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान झाला होता. "ताई, मी निस्ती चैन आवळली हो. मीटरला हात लावायला माज्याकडं टाईम बी न्हाई. गिऱ्हाईक येईना झालंय कालपासनं." मी त्यांना सांगितलं की तुमचं नाव अहवालात नाही. त्यावर ते म्हणाले, "अहवालात न्हाई, पर गावात हाय ना."

हे तुझ्यामुळे झालं आहे. मी मऊ शब्दांत लिहू शकते, पण लिहिणार नाही. एका निर्दोष माणसाचा धंदा बसला आहे, आणि तू घरात भाकरी थापत ते ऐकलं असशील.

रबर बघितल्याबरोबर मला कळलं होतं. पाडव्याला गाडीची पूजा झाली तेव्हा दाजी नारळ फोडायला दगड शोधत होते आणि तू चाकाजवळ बसून मला विचारलंस, या गाडीला फिरती केबल दिसत नाही, मग मीटरला आकडा कुठून जातो? मला बरं वाटलं. माझ्या शिक्षणातलं काही घरात कुणी विचारत नाही. मी सेन्सर दाखवला, कपलर दाखवला, काढून परत लावूनसुद्धा दाखवला. तू म्हणालीस, "एवढंच होय?" ज्या बहिणीने मला बाबांच्या गाडीवर, मानवतच्या जिनिंगच्या मैदानात, क्लच सोडायला शिकवलं, तिला मी कपलर काढायला शिकवला. तेव्हा तुझ्या मनात काही नव्हतं हे मी मानते. आई तोवर चालती-फिरती होती.

पण नंतर तू मला सांगायला हवं होतंस. मीटर बंद ठेवलं म्हणजे अंतर लपतं, ताई, झीज लपत नाही. तेल बदलायची वेळ मीटरवरून कळते, आणि मीटर तर तूच आंधळं केलंस. एक शब्द बोलली असतीस तर मी दोन हजार किलोमीटरला तेल घेऊन पाथरीच्या फाट्यावर उभी राहिले असते. दहा मिनिटांचं काम. इंजिन आज धडधाकट असतं, बन्सीधर यांच्या गॅरेजात गिऱ्हाईक असतं. तू पेट्रोल होतं तितकं परत भरून ठेवायला विसरली नाहीस, आणि तेल विसरलीस.

किलोमीटर किती लपले ते काढणं अवघड नव्हतं. इंजिन एकूण किती तास चाललं, हे गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये वेगळं नोंदलेलं असतं. मीटरवर ते दिसत नाही आणि कपलर काढल्याने थांबतही नाही. आकडा २१२ तास. दाजींचा वेग मला माहीत आहे, त्यांना सायकलवालेसुद्धा मागे टाकतात. ३,१४० किलोमीटरला त्यांचे ब्याण्णव तास धरले. राहिले एकशेवीस.

या एकशेवीस तासांबद्दल चार दिवस मी काय काय समजले, ते लिहायला हवं. मला वाटलं, माझी हेमाताई हिंडत होती. जाण्याआधी आई महिनोन्महिने मानवतला खाटेवर पडून होती, मी दर रविवारी परभणीहून पळत होते, आणि ही नवऱ्याचं जर्किन घालून गोदावरीच्या पुलावर वारा खात होती. मी एकटीच खोलीत बसून रागावले. दोन दिवस डबासुद्धा नीट खाल्ला नाही.

काल रविवारी आईचं घर झाडायला गेले. शेजारच्या सरजाबाई त्यांच्या पायरीवर लसूण सोलत होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, माझी बहीण इकडे कधी गाडीवर आली होती का? त्यांच्या हातातला लसूण सुपात पडला. "कुनी सांगितलं तुला? मी तर कुनापाशी तोंड उघाडलं न्हाई." आणि मग थांबेचनात. "मंगळवार न् शुक्रवार. सासूचा डोळा चुकवून दुपारी दोनला यायची, न् चारला परत. पयल्या डावाला मला वाटलं कुरियरवाला आला. म्हनलं, दादा, इथं कुनाचं पारसल हाय? त्यानं डोस्क्यावरचं टोपडं काढलं, त हेमी! गाडी माझ्या गोठ्यात लावायची, म्होरं कडबा उभा करायची. पावसात लय भिजायची गं. आदी चुलीपाशी हात शेकायची न् मग मायला हात लावायची, गार लागंल म्हनून."

आखाड्यापासून आईच्या दारापर्यंत अडतीस किलोमीटर. त्या रस्त्याने एक तास. जाऊन येऊन दोन. आईने अंथरूण धरल्यावरचा पहिला मंगळवार, १७ जून, ते ती जाण्याआधीचा शेवटचा शुक्रवार, ९ जानेवारी, तीस आठवडे. साठ फेऱ्या, एकशेवीस तास. मी सरजाबाईंच्या पायरीवर बसून मोबाइलवर गुणाकार केला. बरोबर आला. तू एकही वार चुकवला नाहीस.

ताई, मी दर रविवारी जायचे तेव्हा आईची नखं कापलेली असायची. वेणी घातलेली असायची. सात महिने अंथरुणावर असून तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर म्हणाले होते, कुणीतरी फार नेटाने करतं आहे. मला वाटलं सरजाबाई करतात. मी त्यांना दिवाळीला लुगडं नेलं. ते त्यांनी घेतलं आणि आत निघून गेल्या. काल म्हणाल्या, "लुगडं हातात घेतलं न् मला मेल्यावानी झालं. पर तुज्या मायनं गळ्याची आन घातली व्हती. हेमीच्या सासूला कळलं त तिचं बाहेर पडनं बंद हुईल म्हनायची." लुगडं घडीचं आहे. त्यांनी ते तुझ्यासाठी ठेवलं आहे.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आईला, सरजाबाईंना, गोठ्यातल्या म्हशीला. फक्त मला नाही. तुझ्या सासूबाई धुरपताबाई यांचा राग मला समजतो. तुला बी.एड.च्या परीक्षेला बसू दिलं नाही यावरून आईने त्यांना सुनावलं आणि त्यांनी आईच्या उंबऱ्यावर सून पाय ठेवणार नाही असं सांगितलं. वाईट आहे, पण सरळ आहे. दाजींचा राग जास्त येतो. ते कधी जा म्हणाले नाहीत, कधी जाऊ नको म्हणाले नाहीत. नुसते यष्टीत बसले. पण तू? तुला मी सांगून टाकेन असं वाटलं का? की मी खोटं बोलू शकणार नाही म्हणून मला दूर ठेवलंस? हे दुसरं असेल तर तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि तरीही मला ते सहन होत नाही.

आणि तेराव्याला तू गप्प का बसलीस? हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे. मांडवात पंगत बसली होती. तुझ्या सासूबाई, दाजी, मामा, मानवतची अर्धी गल्ली. मी वाढता वाढता तुझ्यासमोर थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की जिवंतपणी एकदा पाय लागला नाही, आता जेवायला बरी आलीस. शब्द मला पाठ आहेत. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमी कोनाला बांधून ठिवलं न्हवतं बाई." तू भातावरचं वरण कालवत राहिलीस. जेवून उठलीस, भांडी घासलीस, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेलीस. मी तो हात झटकला.

अहवालात मी "होय" लिहिणार आहे. कुणी केलं ते फॉर्म विचारत नाही, मी लिहिणार नाही. बन्सीधर यांचा संबंध नाही हे मात्र दाजींना मी स्वतः सांगणार, तू काहीही म्हणालीस तरी. त्यानंतर दाजी तुझ्याकडे वळतील. तू आधी सांगावंस हे बरं. हवं तर मी येऊन शेजारी उभी राहीन. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. त्याला चिठ्ठी पुरली असती. तेराव्याला जे बोलले ते मला मागे घ्यायचं आहे. चार भिंतींत, तुझ्या कानात नाही, तर ज्या माणसांसमोर बोलले त्यांच्यासमोर, तुझ्या सासूबाईंसकट. ती सगळी येत्या पाडव्याला मामांकडे वास्तुशांतीला जमणार आहेत. मागे घेताना तू साठ वेळा आलीस हे मला सांगावं लागेल, आणि ते सांगण्याचा हक्क माझा नाही, तुझा आहे. सांगू की नको, एवढंच लिहून शुक्रवारी, १३ तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत सुकेशनीताईंच्या हाती कळव.

तुझीच,
राजेश्री