डावीकडची सीट

२ मे
आज सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. भात घरात आलं की डिसेंबरात निघायचं. कच्छचं छोटं रण, तिथून थराद, सांचोर, बाडमेर अशी लहान लहान गावं करत जैसलमेरकडचं वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान. आपल्याच जीपने.
मालक ताटावरून मान वर न करता म्हणाले, "चालवनार कोन?"
"मी."
भाकरी अर्धी ठेवून, रेडिओ घेऊन ओट्यावर गेले.

साखरेने मालकांचा उजवा डोळा गेला. डाव्यात इंजेक्शनं चालू. काल डॉ. म्हणाले, टिकेल तितका टिकवू. किती टिकेल ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
ट्रकवर होते तेव्हा एकदा पहाटे रणाच्या कडेने रानगाढवांचा कळप यांच्या गाडीच्या बरोबरीने पळाला होता. लग्न झाल्यापासून ऐकतेय. दर वेळी शेवट ठरलेला, "तुला दावीन एकदा." आता दाखवा म्हणावं. दिसतंय तोवर.

४ मे
गडाच्या पायथ्याला, पालीला ट्रेकरांच्या दोन खेपा. उन्हाचे ट्रेकर कमी. आले ते पण गडावरून लालबुंद होऊन उतरले.
घरासमोर चढ, त्यात हँडब्रेक ढिला. रोजच्यासारखी गाडी लावली, उतरले, मागच्या चाकाला दगड लावला. मालक ओट्यावरून बघत होते, बघत म्हणजे कान देऊन. ट्रकवर दगड लावायचं काम क्लीनरचं. ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडायचं नाही, क्लीनरने मागून ओरडायचं, दगड टाकायचा. मालक सगळ्या नोकरीत त्यासाठी कधी खाली उतरले नाहीत, असं अभिमानाने सांगतात.
जीप मी चालवायला लागले तेव्हापासून ते तिच्यात बसलेले नाहीत. आमच्या मार्गासनीहून कुठेही जायचं तर ST. एकदा ST चुकली तर नसरापूरपर्यंत दुधाच्या टेम्पोत बसून गेले. दारात जीप उभी होती.

९ मे
भोर. नसीमकडे ब्लाउज टाकले नि बेत सांगितला. मशीन थांबवून हसली. मग म्हणाली, "छागल हाय का?"
तिच्या सासऱ्यांच्या गाडीला असायची. जाड कापडाची पाण्याची पिशवी, बाहेर टांगायची, वाऱ्याने पाणी गार. म्हणाली, मी शिवते, कॅनव्हास आहे माझ्याकडे. "आनि भाईजान आले न्हाईत तर मी येनार. मला पन बघायचीत गाढवं. घरातली बघून कटाळा आला."
दुकानात तिचा नवरा बसला होता. तोही हसला.

१७ मे
फजिती.
भाटघर धरणाचं पाणी खूप आत गेलंय. तळाची जमीन वाळून भेगाळलेली. वाटलं, वाळवंटाची सवय करायला हीच जागा. घातली जीप. थोडं गेलं नि वरची खपली मोडली, खाली नुसता गाळ. मागची चाकं बसली.
मग मी काय करावं? आपण घाटातली माणसं करतो तेच केलं. दगड गोळा करून चाकाखाली. एक गेला, दुसरा गेला, गाळाने सगळे गिळले. बांधावरून एक म्हातारबाबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमी धरान बुजवताय का गाडी काढताय?"
ट्रॅक्टरने ओढून काढली. घरी येताना कुणाला कळू नये एवढीच इच्छा.

१८ मे
कळलं.
मालक हसून हसून खोकले. कितीतरी महिन्यांनी असे हसले. "मऊ जमिनीत दगूड घालत्यात व्हय? हवा काढायची चाकातली. टायर पसरलं की गाडी तरंगती. बाहेर आल्यावर परत हवा भरायची. पंप घे संगट."
म्हटलं, "तुम्ही असाल की सांगायला."
हसणं थांबलं. "म्या न्हाई येनार."
पंपाचं मात्र लिहून ठेवलं.

जून, जुलै, ऑगस्ट
काही लिहिलं नाही. लावणी, चिखल, कंबर. जीपला ताडपत्री, मला इरलं. बेत मोडलेला नाही.

११ सप्टें.
सारोळ्याच्या वन्सं आल्या, मालकांच्या थोरल्या बहीण. चहा घेतला. मग: "सुमन, त्याला दिसत न्हाई आनि तू त्याला वाळवंट दावायला निगालीस?"
"दिसतंय अजून, वन्सं. म्हणून तर."
"बाईमानसानं येवड्या लांब गाडी हाकायची. वाटंत काय झालं मंजी?"
"पालीच्या वाटेवर काय झालं तर कोण येतं? मीच जॅक लावते."
ओट्यावरून रेडिओचा आवाज एकदम बंद झाला होता. ऐकत होते. बहिणीची बाजू घेतली नाही, माझीही नाही. वन्सं जाताना माझ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी देऊन गेल्या. "परवासात खराब व्हत न्हाई." त्यांचं मला कधी कळलेलं नाही.

५ ऑक्टो.
हायवेची सवय. नसीमला घेऊन नसरापूर ते सारोळे, नीरेच्या पुलापर्यंत, परत, पुन्हा. घाटाची भीती नाही वाटत. हायवेला वाटते, खोटं कशाला लिहू. कंटेनर बाजूने गेला की जीप हलते आणि मी स्टिअरिंग घट्ट धरते. नसीम डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. दुसऱ्या फेरीला पेरू खायला लागली, तेव्हा समजलं की जमतंय.
रात्री मालक भिंतीकडे तोंड करून: "आरसा बगत हुतीस का?"
"हो."
"डावा बी?"
"डावा कमी."
"डावा बगायचा." एवढंच.

१६ ऑक्टो.
आज डोळ्याची तारीख. जीपने चला म्हटलं. नाही. बरोबर येते म्हटलं. नाही. नसरापूरला उतरून स्वारगेटची गाडी धरतो, इतकी वर्षं गाड्या हाकल्यात, लहान पोर आहे का मी.
गेले. मी रिकामी जीप घेऊन ST च्या मागे. हसू येत होतं. नवरा पुढे ST त, बायको मागे जीपमध्ये.
नसरापूरला उतरले. एक गाडी आली. मालकांनी पाटीकडे मान वर केली, चेहरा जवळ नेला, खात्री केल्यासारखी मान हलवली आणि चढले.
गाडी भोरची होती.
हॉर्न वाजवायला हात गेला, वाजवला नाही. मागे मागे भोरला गेले. स्टँडवर उतरले, थोडा वेळ तसेच उभे राहिले. आजूबाजूचे आवाज ऐकले असतील. ताठ उभे होते, पण हात शर्टाच्या बटणाशी चाळवत होता. मी जवळ गेले.
"तू हितं?"
"नसीमकडे काम होतं. तुम्ही?"
"माजं बी हितंच काम हुतं."
"बरं."
त्यांना परतीच्या ST त बसवून दिलं. पाटी मी वाचली, मोठ्याने, जणू माझ्याचसाठी. गाडी सुटल्यावर जीपमध्ये बसून रडले. चांगली रडले. मग डॉ. ना फोन करून दुसरी तारीख घेतली.
डिसेंबर म्हणजे डिसेंबर. पुढच्या वर्षावर काही ढकलायचं नाही.

२९ ऑक्टो.
इंजेक्शन झालं. या वेळी मालक शेजारच्या तात्यांबरोबर गेले, ST नेच. डॉ. मला फोनवर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही, औषध चुकवू नका. डोळ्याविषयी पुन्हा तेच गोल गोल.

१४ नोव्हें.
भात खळ्यावर. झोडणी चालू. अंगभर भाताची टोचरी कूस, खाज.
दुपारी सावलीत नकाशा उघडला नि मोठ्याने वाचत बसले. मुद्दाम चुकीचं वाचलं. थरादवरून परत मागे वळून कुठेतरी भलतीकडे.
"आगं, मागं कुटं चाललीस? थराद सोडलं की सांचोर. तितं धाब्यावर बाजऱ्याची भाकर मिळायची, लई झ्याक. फुडं बाडमेर. दुपारची गाडी हाकायची न्हाई, सावली बगून थांबायचं. वाळवंटात शिरताना तितल्या मानसाला इचारायचं, नकाशाला न्हाई."
बोलत राहिले. उद्यानात माळढोक असतो, दिसला तर नशीब, हेही त्यांनाच माहीत. झोडणारी माणसं हात थांबवून ऐकत होती. मी सगळं लिहून घेतलं. मधेच त्यांच्या ध्यानात आलं आणि रेडिओ लावला.

२ डिसें.
पालीच्या खेपा तात्यांच्या पुतण्याकडे दिल्या. गाडीचं काम झालं, हँडब्रेक सोडून. भोरचा गॅरेजवाला म्हणतो सुटा भाग आला नाही, तोवर दगड आहेच.
पंप, दोर, फावडं, दोन ट्यूब, औषधाचा डबा, लोणचं. ताडपत्रीही घेतली. तिथे पाऊस नाही, कळतं मला. पण ताडपत्रीशिवाय घराबाहेर पडायचं म्हणजे उघडं पडल्यासारखं वाटतं.
मालकांची पिशवी मी भरली नाही. त्यांचे कपडे त्यांच्या ट्रंकेवर घडी करून ठेवलेत. आठवडा झाला, तसेच आहेत.

७ डिसें.
उद्या पहाटे निघायचं.
भोरहून छागल आणली. नसीमने कडेला हिरवी शिवण घातलीय. सोडताना म्हणाली, "भाईजान बसले न्हाईत तर फोन कर. पिशवी भरून ठिवलीया." थट्टा नव्हती.
संध्याकाळी घरी आले. चढावर गाडी घेतली, मागे घेऊन रोजच्या जागी लावणार, तर आवाज आला. आधी कळेना कुठून. मग कळलं, मागून.
"येऊ दे... येऊ दे... डाव्या अंगाला कट मार... येऊ दे... बास."
मी स्टिअरिंग सोडलं नाही. ब्रेकवर पाय तसाच. आरशात, डाव्या, मालक वाकलेले दिसले. एका हाताने टायर चाचपत होते, दुसऱ्या हाताने दगड सारत होते. नीट बसला की नाही हे दोनदा हात फिरवून पाहिलं. मग बॉडीवर थाप मारली, क्लीनर मारतो तशी.
उतरले. म्हटलं, "उद्या दगड काढून इथेच ठेवू."
"का? घ्यायचा संगट."
"वाळूत दगड घालतात व्हय?"
"वाळूत न्हाई. येताना घाट लागंल न्हवं आपला."
हात झटकून आत गेले. येतो म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत.
ट्रंकेवरचे कपडे मगाशी तिथे होते. आता बघितलं नाही. बघायचं नाही ठरवलंय.
डावीकडची सीट पुसून घेतली आणि पाठ थोडी मागे केली. त्यांचे पाय लांब आहेत.