दुसरं पान

जर्सी सिटी, ६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
परीक्षितचा सा. न. वि. वि.

खोकं उघडताना कात्री जपून चालव. चित्रकथेच्या एकसष्ट अंकांनंतर आपली चेटकीण एका बांधणीत आली. पहिल्या प्रकाशकाने बारा अंक काढून दुकान बंद केलं, दुसऱ्याने पुन्हा एकपासून आकडे लावले, तिसऱ्याने तिला तरुण केलं. हा चौथा बरा. सगळं जसंच्या तसं छापलं.

ती भिंतीवर मंत्र लिहिते ती लिपी कोणती, असं वाचक सतरा वर्षं विचारत होते. आईला कळू नये म्हणून तू शाळेत असताना केलेली, हे मी सांगून टाकलं. शेवटच्या पानावर अक्षरांचा तक्ता आहे, खाली तुझं नाव. खूश ना? अनिकासाठी वेगळी प्रत ठेवली आहे, नाहीतर तू दडपशील. कृष्णाभाऊजींना नमस्कार.

लोभ आहेच, पुस्तक पाहूनही टिकावा.

परीक्षित


बेलव्ह्यू, २१ सप्टेंबर २०२५

चि. परीक्षित यास अ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मंत्रात काय असतं विचारलं, तेव्हा वाणसामानाची यादी म्हणाला होतास. मी भुताखेतांचं वाचत नाही. विश्वास ठेवला.

अनिकाने पेन्सिल घेऊन, तक्त्यावरून, बाराव्या अंकातली भिंत वाचली. देवनागरी तिला येते. दर रविवारी मराठी शाळेला मीच नेत होते. भिंतीवर माझं पत्र आहे, माझ्याच अक्षरात, वर तारखेसकट. १४ जून २००९. मला हे मूल नको आहे. कृष्णाला अजून सांगितलेलं नाही. ते पत्र वाचून जाळलं, असं तू मला सांगितलं होतंस.

अनिका जानेवारीतली. तिने बोटांवर महिने मोजले. आधी इंग्रजीत विचारलं, मग मराठीत. मराठीत विचारलं, म्हणून मला खोटं बोलता आलं नाही.

त्या पत्राला दुसरं पान होतं. आठ दिवसांनी लिहिलेलं. मूल ठेवायचं का ठरवलं, ते त्यात होतं. मी तोंडी सांगते, तर अनिका म्हणते, आता काय, आता सांगशीलच. ते पान पाठव.

लोभाचं नंतर बघू.

नेत्रा


जर्सी सिटी, २९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तेव्हा प्रकाशक बुडत होता, बारावा अंक शेवटचा ठरला होता. चित्रकार रवीला भिंतीसाठी चार दिवसांत मजकूर हवा होता. मी बनवलेला खोटा वाटत होता. तुझे कागद टेबलावर होते. ती लिपी वाचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं गं. त्या एका पानाला लोक भ्याले. त्या पानामुळेच दुसरा प्रकाशक आला.

तक्ता देताना भिंतीची आठवण झाली नाही, असं म्हणणार नाही. इतक्या वर्षांनी कोण वाचत बसणार, असं वाटलं. पुढच्या आवृत्तीतून तो काढायला सांगितलं आहे.

दुसरं पान नाही. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून घेतलं नाही. टाकून दिलं.

माया कमी करू नकोस, असं लिहायचा हक्क उरला असेल तर लिहितो.

परीक्षित


बेलव्ह्यू, १२ ऑक्टोबर २०२५

परीक्षित,

दुसरं पान मी आठवून पुन्हा लिहिलं. आपल्याच लिपीत, जुनी तारीख घालून. मामाने पाठवलं म्हणून अनिकाला दिलं. तिने कागद खिडकीशी धरला. शाई नवी आहे म्हणाली, आणि पाकीट कुठे आहे विचारलं. मग खोलीत गेली. तुझ्यासारखं करायला गेले. जमलं नाही.

त्या पानात एवढंच होतं. २२ जूनला दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकले. बाहेर येऊन गाडी सुरू केली नाही, तासभर बसले. मग दुकानात जाऊन पिवळी लोकर घेतली. मला विणता येत नाही. संध्याकाळी कृष्णाला सांगितलं.

हे पत्र साध्या अक्षरात आहे. पोस्टात टाकण्याआधी दिवसभर जेवणाच्या टेबलावर उघडं राहील.

लोकर अजून आहे. माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, डावीकडे.

नेत्रा