धागा सोडायचा राहिला

अण्णा,

उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "बचपन में कैसी थी, बताने वाला कोई है?" मी नाही म्हणाले. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते, माझं लहानपण पाहिलेले तुम्ही एकटेच, आणि आता तुम्हीही नाही. लक्ष टिकत नाही म्हणून या वयात तपासून घ्यायला गेलं, तर साक्षीदार लागतो, हे मला माहीत नव्हतं. मी यंत्रांची कंट्रोल पॅनेल तपासते. एक वायर दोनदा बघायची आणि शेजारची विसरायची, असं वारंवार व्हायला लागलं, तेव्हा मीच गेले.

उधन्याच्या शाळेत बाईंनी तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही पाळी संपवून मागावरून तसेच आलात, केसांत रुई. बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण आळशी." तुम्ही हात जोडून म्हणालात, "बाई, आळशी ऱ्हाती ते बठेल ऱ्हाती. हाई ते बठसच नही." मी कधी बसतच नाही, हे ऐकून बाई हसल्या. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यातून उरलंसुरलं सूत आणलंत. लाल म्हणजे डबा, हिरवा म्हणजे कंपास, पिवळा म्हणजे किल्ली. वस्तू दप्तरात गेली की मनगटावरचा तो धागा सोडायचा. मग तुम्ही स्वतःच्या हाताला निळा बांधता, गॅससाठी. दूध उतू जातंय आणि तुम्ही रेडिओ उघडून त्याचे स्क्रू मोजत बसला आहात. "तुम्हनं ध्यान कोठे शे, अण्णा?" मी ओरडते. "जठे तुन्हं शे तठेच," तुम्ही म्हणता, मान वर न करता.

शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं बघून डॉक्टरांनी निदान केलं. गोळी सुरू आहे. एक काम संपवून दुसरं उचलते. दूध उतू जात नाही. घरात ओरडावं असं कोणी नाही.

लहानपणाचं विचारलं त्याच दिवशी त्यांनी आणखी एक विचारलं होतं : घरात अजून कोणाला असं होतं का? उत्तर मला माहीत होतं. ते का विचारतात, तेही माहीत होतं. तरी नाही म्हणाले. तुम्हाला न विचारता तुमचं नाव एका विकाराखाली लिहून घ्यावं, असं वाटलं नाही. कामात अशी चुकीची नोंद मी कोणाला ठेवू देत नाही. पुढच्या भेटीत दुरुस्त करायची म्हणून मनगटाला निळा धागा बांधला.

ती भेट होऊन गेली. धागा अजून हातावर आहे. विसरले नव्हते, अण्णा.