हिरवं दिसेपर्यंत

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८

एकच आहे! डॉक्टर विपुल अशा सुरात म्हणाले, जणू मला मुलगाच झालाय. यकृतात तीन सेंटिमीटरची गाठ. जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. जुन्या काविळीचा प्रसाद म्हणे.

"लेकिन छोटे वाले सीटी में छिप जाते हैं, मैडम." त्या बारक्या गाठी आत राहिल्या तर पुन्हा पोट उघडायचं – उघडण्याजोगं काही उरलं तर. हे शेवटचं ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं.

म्हणून आधी शिरेत हिरवा रंग टोचणार. ऑपरेशनच्या वेळी खास कॅमेऱ्यातून पाहिलं की गाठी चमकतात. पुढेही बरंच सांगत होते, पण मी मनात यावर लेख लिहीत होते – दिवाळी अंकांची खोड! नरहर मात्र खिशातल्या डायरीत उतरवून घेत होता. सव्वीस वर्षांच्या संसारात पाहतेय, रेल्वेचा हा इंजिनिअर रुळाचा बोल्टसुद्धा लिहून ठेवतो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

रंग टोचला. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, पंधराला. आठवडाभर ही गाठ घेऊन बसायचं?

नरहरला म्हटलं, एवढी साहेबलोकांत ऊठबस तुझी, कर ना एक फोन.

"नाही गं. रांग आहे ती."

चारबाग स्टेशनवर स्वतःच्या आईसाठी व्हीलचेअर यानं रांगेत उभं राहून घेतली होती. ऑफिसर!

भावाला, चंद्रकांतला फोन केला. "अरे ताई, टेन्शन कशाला? हेल्थ सेक्रेटरी साहब अपने आदमी हैं."

वीस वर्षं वशिलेबाजांवर लेख लिहिले. दुसऱ्याचा असला की वशिला, आपला असला की माया.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सकाळीच हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन. "मैडम, डॉक्टर साहब दिल्ली में हैं, कल लौटते ही पहला नंबर आपका." उद्याच!

नरहरला सांगितलं. त्यानं डायरी उघडली, एक पान दोनदा वाचलं, स्कूटर काढून गेला. तिन्हीसांजेला परत – हातात मटारची पिशवी. उद्या बायकोचं पोट कापणार, आणि याला मटार सुचतायत!

सात वाजता पुन्हा फोन. "कल नहीं हो पाएगा, मैडम. गुरुवार ही रहेगा."

रडले. मग हॉस्पिटलला शिव्या दिल्या, सेक्रेटरीला दिल्या, शेवटी नरहरला. "दुसरा नवरा असता तर त्या सेक्रेटरीच्या दारात ठाण मांडून बसला असता!"

तो मटार सोलत राहिला.

रविवार, ११ फेब्रुवारी

अबोला. नरहरनं मटारभात केला. चांगला झाला होता. सांगितलं नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

भीती वाटते. विनोद सुचत नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आहे मी!

डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. काळोखात हिरवे ठिपके. एक मोठा, ठाऊक होता तो. आणि आणखी दोन – एक मटाराएवढा, दुसरा त्याहून बारीक. "ये हाथ से पता ही नहीं चलते." तिन्ही काढले.

मग म्हणाले, "अच्छा हुआ, शनिवार को नहीं किया." दोन दिवसांत केलं असतं तर अख्खं लिव्हर हिरवं दिसलं असतं. चांगल्या भागातून रंग वाहून जायला दिवस लागतात, गाठ तो धरून ठेवते. हिरव्यात हिरवं कुठे शोधणार?

हॉस्पिटलच्या कारभाराचे आयुष्यात प्रथमच आभार मानले. नरहर खिडकीतून पार्किंग बघत होता.

बुधवार, २१ फेब्रुवारी

चंद्रकांत आला. हातात फुलं, तोंड फुगलेलं. "भाऊजींनी मेरी नाक कटवा दी, ताई. त्या शुक्रवारी हॉस्पिटलचे ऑफिसवाले साहेबांच्या हुकमापुढे यांचं ऐकेनात, तर हे थेट सेक्रेटरी साहेबांच्या बंगल्यावर! साडेतीन तास बाहेरच्या बाकावर. हात जोडून म्हणाले, बायकोचं नाव होतं तिथेच परत ठेवा. आणि मला दम – तिला सांगू नको, गुरुवारपर्यंत तरी रंग उतरेल का म्हणून आठवडाभर घाबरत बसेल."

सव्वीस वर्षांत एकदाच कुणाच्या दारात बसला. येताना मटार घेऊन आला.