कोराडीकरांना दाखवलेला समुद्र

धंतोली, नागपूर
१२ डिसेंबर १९७८

चि. सौ. उत्तरा हिस मामाचा मनःपूर्वक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा आणि जावईबापूंचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा आहे (वडीलधाऱ्यांची चौकशी आधी, म्हणून हा क्रम). येथे सर्व क्षेम असून माझी नात चि. तारा हिचे लग्न तुझ्या चित्रापायी जुळण्याआधीच मोडता मोडता राहिले.

तू स्वतः काढून रत्नागिरीहून पाठवलेले खडकाळ किनाऱ्याचे चित्र मी बैठकीत टांगले होते. रविवारी कोराडीच्या वीजकेंद्रातले अभियंते आनंदराव आपल्या आत्या तुळसाबाई यांच्यासह मुलगी पाहावयास आले. पोहे येण्यास अवकाश होता, म्हणून मी छडी घेऊन चित्राचा अर्थ विशद करू लागलो (छत्तीस वर्षे शिकवल्यामुळे भिंतीवर काही टांगलेले दिसले की मला राहवत नाही). खडक म्हणजे सुशील वधू आणि लाटा म्हणजे सासरची माणसे. त्या अहोरात्र आदळतात, परंतु ती तसूभरही ढळत नाही, असे सविस्तर विवेचन केले. तुळसाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"म्हंजे आमी हिच्यावर आदळाले येऊन राहिलो काय गा, मास्तर?"

मी छडी पाठीमागे लपवली. तेव्हा आनंदराव चष्मा पुसून चित्राजवळ गेले. म्हणाले, "आत्या, हा समुद्र नाही वं. हा आपल्या इथला कोयशाचा ढीग होय, अन् खाली राखेचं पानी."

बाईंची मुद्रा उजळली. त्यांना त्यात आपली वसाहतही दिसू लागली (माझ्या मते ती होडी आहे). मी दुरुस्ती करणार, तोच माझी सून गोपिका हिने, चित्र ताराच्याच हातचे, असे सांगून टाकले. मुलगी दाखवताना शेजारणीने विणलेला रुमालही मुलीचाच होतो, हे तू जाणतेसच. एरवी कोणाची ह्रस्व-दीर्घाची चूकही खपवून न घेणारा मी मुकाट्याने पोहे खात राहिलो. सायंकाळी होकार आला.

तुझा मामा,
बाबाराव

ता. क. होकाराबरोबर तुळसाबाईंची एक इच्छाही आली आहे. साक्षगंधापूर्वी (तुमच्याकडचा साखरपुडा) ताराने असेच आणखी एक चित्र, वीजकेंद्राच्या धुराड्यासह, काढून द्यावे. तारा हिला रांगोळीचे ठिपकेही सरळ येत नाहीत. तरी कुंचले घेऊन आठ दिवस ये आणि तिला निदान ढीग शिकव.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकण्यापूर्वी तारा हिने ते वाचले. तिने आनंदरावांना त्याच दिवशी अंगणात खरे काय ते सांगितले होते म्हणे. त्यावर ते हसून म्हणाले, "मले बी तो समुद्रच दिसला होता." तेव्हा शिकवणीची आवश्यकता नाही. मात्र तुळसाबाईंना हे कोणी सांगावयाचे, याविषयी घरात सर्वांनी माझ्याकडे पाहिले. सबब तू येच, आणि चित्र तूच काढ. धुराडे ठळक असावे.