आईची मिसरीची डबी

बदनापूर, ९ फेब्रुवारी १९९९

...पण मंग मी तरी का गप बसले? जालन्याच्या डॉक्टरांनी हिरडीच्या ऑपरेशनच्या आधी आईला सरळ विचारलं होतं, "मिसरी लावता का?" आई बिनधास्त म्हणली, "न्हाई हो, कवाच सोडली." डबी तिच्या पिशवीत होती, मला माहीत होतं. पण मी बोलले असते तर ऑपरेशन पुढं गेलं असतं, आणि डेंटल कॉलेजला असून मी ते एकदाही बघितलं नव्हतं! डॉक्टरांनी टाळूची पातळ कातडी काढून खाली सरकलेल्या हिरडीवर शिवली, दाताचं उघडं मूळ बराबर झाकलं. काय सुंदर टाके!

आज चौथा दिवस. संध्याकाळी आई मोरीत पाठमोरी बसल्ती. हातात तीच डबी, बोट काळं. मी ओरडले तर म्हणे, "दुसऱ्या बाजूनं लावून राह्यले ना, डॉक्टरीणबाई! तुझ्या लाडक्या शिवणीला हात न्हाई लावला." हसूच आलं आधी, मंग वाटलं, तंबाखूनं ती नवी कातडी जगली न्हाई तर?

उद्या टाके दाखवायला जायचंय. डॉक्टरांना सांगणार, ते नक्की. पण डायरी, तूच सांग, आधी कोणाचं खोटं उघड करू, तिचं का माझं?